बारा व्होल्टची तार आणि तिचा जोड

'व्होल्टेज कमी आहे' असे गोंदिया जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात म्हटले, तर ऐकणारा आधी पंख्याकडे बघेल. उन्हाळी धानाला पाणी देण्यासाठी मोटारी सुरू झाल्या की संध्याकाळी पंखा रखडतो, ट्यूबलाइट लुकलुकते. लोकांच्या बोलण्यातले कमी व्होल्टेज ते हेच. नियमांच्या पुस्तकात मात्र या शब्दाचा अर्थ निराळा होता. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी २५० व्होल्टपर्यंतचा सगळा पुरवठा 'लो व्होल्टेज' या सदरात घातला होता. म्हणजे माणसाचा जीव घेऊ शकणारी घरातली २३० व्होल्टची वीजसुद्धा 'कमी'च! आम्हाला येथे बोलायचे आहे ते या दोन्हींहून वेगळ्या, बॅटरीवर चालणाऱ्या १२ व्होल्टबद्दल. आंतरराष्ट्रीय मानकांत याला 'अति कमी' विभवांतर म्हणतात. एकदिश धारेसाठी १२० व्होल्ट आणि प्रत्यावर्ती धारेसाठी ५० व्होल्ट ही त्याची वरची मर्यादा आहे.

आजकाल ही १२ व्होल्टची तार घराघरात शिरली आहे. सौर दिव्याचा संच, गुरांच्या कोठ्यातला एलईडी दिवा, गणपतीच्या मखरातली झगमगती पट्टी, इंटरनेटच्या डब्याला वीज गेल्यावर आधार देणारी छोटी बॅटरी, अंगणातला कॅमेरा ही सगळी तिचीच लेकरे. या तारेला हात लावला तर झटका बसत नाही. त्यामुळे घरातले कोणीही पोर ब्लेडने तार सोलते, दोन टोकांना पीळ देते, वर काळी टेप गुंडाळते आणि दिवा लागला की काम झाले असे समजते. हा जो पिळाचा जोड आहे, त्याच्याकडे या लेखात जरा बारकाईने पाहायचे आहे.

त्याला निमित्त एका विद्यार्थ्याच्या घरचे घडले. गोरेगाव तालुक्यातले गाव. घरात वीज आहे, पण पावसाळ्यात ती जाते तेव्हा रात्र रात्र येत नाही, म्हणून छपरावर ४० वॅटचे सौर पॅनेल, खोलीत १२ व्होल्टची बॅटरी आणि तीन दिवे असा संच बसवलेला. पहिली बॅटरी दीड वर्षात बसली. धान विकून आलेल्या पैशांतून दुसरी आणली. सात-आठ महिन्यांत तिचेही दिवे संध्याकाळी तासाभरात विझू लागले. "दुसरीबी बसली जी, गुरुजी," असे मुलाचे वडील म्हणाले तेव्हा तिसरीचा भाव विचारून झाला होता. मुलगा दहावीत होता आणि रात्रीचा अभ्यास याच दिव्यावर चालायचा.

आम्ही बहुमापी, म्हणजे दुकानात ज्याला मल्टीमीटर म्हणतात तो, घेऊन गेलो. तिन्ही दिवे लावले. तेव्हा धारा सुमारे २ अँपिअर होती. बॅटरीच्या दोन खुंट्यांवर १२.४ व्होल्ट दिसले. बॅटरी ठीकच होती! मग भिंतीवरच्या चार्ज कंट्रोलरच्या खिळ्यांवर मोजले, तर तेथे ११.१. बॅटरी आणि कंट्रोलर यांच्यात तार जेमतेम दीड मीटर. तेवढ्यात १.३ व्होल्ट कुठे गेले? तार हाताने चाचपत गेलो तेव्हा बॅटरीच्या मागे दोन गाठी लागल्या. उंदराने तार कुरतडली होती. ती तोडून, पीळ देऊन, टेप लावून जोडलेली होती. टेपला कोमट हात लागला. आत तांबे काळे पडले होते आणि एका ठिकाणी हिरवी बुरशी यावी तसा थर चढला होता.

ओहमच्या नियमाने पाहिले तर १.३ भागिले २, म्हणजे ०.६५ ओहम. दोन गाठींचा मिळून एवढा रोध. ही संख्या वर्गात फळ्यावर लिहिली तर मुलांना ती क्षुल्लक वाटते, आणि २३० व्होल्टच्या तारेत ती एका दिव्यापुरती क्षुल्लक असतेही. १२ वॅटचा दिवा २३० व्होल्टवर चालवला तर त्यातून साधारण ०.०५ अँपिअर धारा जाते. तोच १२ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर असेल तर १ अँपिअर. धारा सुमारे १९ पट. रोधात वाया जाणारी शक्ती धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते, तेव्हा १९ चा वर्ग करा. त्याच जोडात १२ व्होल्टवर साडेतीनशेहून अधिक पट ऊर्जा वाया जाते.

हाच हिशेब आपल्याच जिल्ह्यात उलट्या बाजूने मांडलेला दिसतो. तिरोड्याच्या औष्णिक वीज केंद्रात प्रत्येकी ६६० मेगावॉटचे पाच संच आहेत. एकूण ३,३०० मेगावॉट. ही वीज कोराडी, अकोला मार्गे छत्रपती संभाजीनगरकडे (पूर्वीचे औरंगाबाद) जाते ती ७६५ किलोव्होल्टच्या वाहिन्यांवरून. विभवांतर इतके चढवायचे कारण एवढेच, की धारा कमी व्हावी आणि शेकडो किलोमीटरच्या तारेत उष्णता कमी व्हावी. आपण घरात १२ व्होल्ट वापरतो तेव्हा झटक्याच्या भीतीतून सुटतो, पण जी गोष्ट टाळण्यासाठी तिरोड्याचे मनोरे उभे केले, ती गोष्ट पदरात घेतो. म्हणून १२ व्होल्टची तार लांब नसावी, बारीक नसावी आणि तिच्यातला जोड वाईट नसावा.

तारेच्या जाडीचे गणित आधी उरकून टाकू. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. घरापासून कोठा २० मीटर असेल तर धारा जाण्याची आणि परतण्याची मिळून तार ४० मीटर होते, म्हणजे सुमारे ०.७ ओहम. अर्धा चौरस मिलिमीटरची तार घेतली तर १.४ ओहम. एक अँपिअरचा दिवा लावला की १.४ व्होल्ट वाटेतच खर्च. अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर तोच खर्च ०.३ व्होल्टच्या आत येतो. तार महाग पडते हे खरे, पण पर्याय नाही.

१२ तून एक-दीड व्होल्ट गेला तर काय बिघडले, दिवा आठवा हिस्सा मंद होईल, असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. साध्या एलईडी पट्टीत तीन पांढरे एलईडी आणि एक रोधक एकापाठोपाठ जोडलेले असतात. प्रत्येक एलईडीवर सुमारे ३ व्होल्ट पडतात, तिघांचे मिळून ९. उरलेले ३ व्होल्ट रोधकावर पडतात आणि धारा किती जाईल ते ठरवतात. वाटेत दीड व्होल्ट हरवला की पट्टीला १०.५ मिळतात, त्यातले ९ एलईडीच घेतात, रोधकासाठी उरतो दीड. म्हणजे धारा निम्मी. बाराचा आठवा हिस्सा गेला आणि उजेड जवळजवळ अर्धा गेला. मुलांना हे उदाहरण अवश्य द्यावे. टक्केवारी डोळे मिटून लावू नये हे त्यातून आपोआप कळते.

आता त्या दोन बॅटऱ्यांचे काय झाले ते पाहू. कंट्रोलर हा बॅटरीचा राखणदार. संध्याकाळी विभवांतर ११ व्होल्टच्या आसपास उतरले की तो दिवे तोडतो आणि दिवसा १४.४ च्या आसपास चढले की भरणे आवरते घेतो. पण तो बॅटरी पाहत नाही, स्वतःच्या खिळ्यांवरचे व्होल्ट पाहतो. मध्ये ०.६५ ओहमची गाठ असेल तर संध्याकाळी बॅटरीत पुरेशी ऊर्जा असताना त्याला ती संपलेली दिसते. दिवसा २ अँपिअर धारा आत जात असताना त्याला १४.४ दिसतात तेव्हा बॅटरीच्या खुंट्यांवर १३.१ च असतात. तो भरण्याचा वेग कमी करतो आणि पावसाळी ढगाळ दिवस बॅटरी पूर्ण भरण्याआधीच मावळतो. शिसे-आम्लाची बॅटरी महिनोन्महिने अर्धवट भरलेली राहिली की तिच्या पट्ट्यांवर शिसे-सल्फेटचे टणक स्फटिक धरतात आणि ते पुन्हा विरघळायला तयार नसतात. म्हणजे पहिली बॅटरी खरोखरच बसली होती, पण तिला बसवले होते त्या गाठीने. दुकानदाराने फसवले असा घरच्यांचा समज झाला होता. तो बिचारा या प्रकरणात निर्दोष होता.

पिळाचा जोड बिघडतो का? दोन तारा एकमेकींना वेढलेल्या दिसतात तेव्हा त्या सगळीकडे चिकटल्या आहेत असे डोळ्यांना वाटते. प्रत्यक्षात कोणताही धातूचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली डोंगराळ असतो. दोन डोंगराळ पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले तर शिखरे तेवढी टेकतात. सगळी धारा या मोजक्या ठिपक्यांतून दाटीवाटीने जाते. स्वीडनमध्ये जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ राग्नार होल्म यांनी विसाव्या शतकात या ठिपक्यांचा सविस्तर अभ्यास केला. ठिपके किती आणि केवढे, हे दाबावर ठरते. पीळ घट्ट असेल तोपर्यंत ठीक, पण तांबे मऊ असते. धारा सुरू झाली की जोड तापून फुगतो, बंद झाली की थंड होऊन आकसतो. रोज असे होत होत पीळ सैलावतो, दाब कमी होतो, फटीतून हवा आणि ओल शिरते. गोंदियासारख्या, वर्षाला बाराशे ते चौदाशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आणि तलावांनी भरलेल्या जिल्ह्यात ओल कमी पडत नाही. तांब्यावर ऑक्साइड चढते, आणि तांब्याचे ऑक्साइड हे तांब्यासारखे वाहक नाही. क्युप्रस ऑक्साइड तर अर्धवाहक आहे. त्याचा उपयोग करून १९२० च्या दशकात एकदिशकारक बनवले जात होते. जास्त विभवांतर असेल तर असा पातळ थर मोडून धारा वाट काढते. पाच-दहा व्होल्टच्या तारेत, जेथे धाराही थोडी आहे, तेथे तो थर भिंतीसारखा उभा राहतो. त्यावर काळी टेप म्हणजे उलट संकटच. उन्हाळ्यात तिचा डिंक वितळतो, पावसात ती पाणी आत घेते आणि मग वाळू देत नाही.

डाख देणे, म्हणजे सोल्डर करणे, हा जुना आणि चांगला उपाय आहे. पण छपराखाली शिडीवर उभे राहून, वीज नसताना डाख देणे सोपे नाही. शिवाय बहुतारी वायरीत डाख शोषला जाऊन ती तेवढ्या जागी काडीसारखी ताठ होते आणि हलत राहिली तर डाखाच्या कडेशी तुटते. म्हणून आता आपण झटपट जोडणाऱ्या कनेक्टरकडे वळू.

हा कनेक्टर गावोगाव पोचला तो टेलिफोनच्या तारेबरोबर. १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूर येथे सी-डॉटचे पहिले ग्रामीण एक्स्चेंज सुरू झाले आणि पुढच्या वर्षांत खेड्यांत फोन आले. त्यांच्यासाठी जमिनीत जेली भरलेल्या केबली पुरल्या गेल्या. शंभर जोड्यांची केबल तुटली की दोनशे तारा जोडायच्या, त्याही खड्ड्यात बसून. प्रत्येक तार सोलत बसले तर दिवस पुरणार नाही. म्हणून लाइनमनच्या पिशवीत बोराएवढे, पारदर्शक, आत चिकट जेली असलेले कनेक्टर असत. दोन तारा न सोलताच आत सरकवायच्या, वरचे बटण पक्कडीने दाबायचे, जोड तयार. गावात टेलिफोनचे काम पाहिलेल्या वाचकांना ते आठवत असतील. आमच्या लहानपणी खड्ड्याजवळ पडलेले असे कनेक्टर गोळा करणे हा एक उद्योगच होता.

बटणाखाली धातूची एक पातळ पट्टी असते आणि तिला इंग्रजी 'यू' अक्षरासारखी खाच असते. खाच तारेतल्या तांब्याच्या जाडीपेक्षा किंचित अरुंद असते. बटण दाबले की पट्टी तारेवर उतरते, खाचेच्या कडा प्लास्टिकचे आवरण कापत तांब्यापर्यंत पोचतात आणि तांब्यालाही दोन्ही बाजूंनी थोडे खरवडतात. खरवडल्यामुळे तांब्यावरचा जुना मळ निघून जातो आणि स्वच्छ धातूला स्वच्छ धातू भिडतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बांबूच्या काडीला टोकाशी चीर पाडून तिच्यात कागद अडकवला, तर चिरलेले दोन्ही भाग त्याला धरून ठेवतात, सोडत नाहीत. पट्टीची खाच तशीच किंचित फाकते आणि स्प्रिंगसारखी तारेला कायम दाबत राहते. तांबे तापले, आकसले, तरी दाब सुटत नाही. भिडलेल्या जागी हवाही शिरू शकत नाही, तेव्हा ऑक्साइड धरायला वाव मिळत नाही. बाकीच्या पोकळीत जेली असते, ती पाण्याला दूर ठेवते. पिळाच्या जोडात जे जे उणे होते ते ते येथे एका पट्टीने भरून काढले आहे. आम्हाला विचाराल तर शाळेच्या प्रयोगशाळेत एक कनेक्टर करवतीने उभा कापून ठेवावा, भिंगाखाली मुले तो तासभर पाहत बसतील.

येथपर्यंत वाचून कोणी टेलिफोनचा कनेक्टर आणून सौर दिव्याच्या तारेला लावील, म्हणून लगेच सांगतो: तसे करू नये. टेलिफोनची तार एकसंध असते, तिच्यातले तांबे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड, आणि तिच्यातून जाणारी धारा काही दशांश नव्हे तर काही शतांश अँपिअर. आपल्या दिव्याची तार बहुतारी असते, म्हणजे आत केसांसारख्या अनेक बारीक तारा, आणि धारा त्याच्या पन्नास पट. अरुंद खाचेत बहुतारी वायर दाबली की काही धागे कापले जातात, काही बाजूला सरकतात आणि उरलेल्या दोन-चार धाग्यांवर सगळा भार येतो. दिवा त्या दिवशी लागतो, हीच अडचण.

दिव्याच्या कामासाठी मोटारींच्या सामानाच्या दुकानात मिळणारे 'टॅप कनेक्टर' याच तत्त्वावर चालतात. प्लास्टिकची उघडी डबी, तिच्यात शेजारी शेजारी दोन पन्हाळी. एका पन्हाळीत चालू वायर न तोडता बसवायची, दुसरीत नवी फांदी, मग धातूची पट्टी पक्कडीने सपाट खाली दाबायची आणि झाकण टक्कन बंद करायचे. खोलीतल्या तारेतून स्वयंपाकघराच्या दिव्यासाठी फांदी काढायला हे उत्तम. तांबडा, निळा, पिवळा असे त्यांचे रंग तारेच्या जाडीप्रमाणे असतात, पण सगळे उत्पादक रंगांचा एकच अर्थ धरत नाहीत. पाकिटावर किती चौरस मिलिमीटरची तार आणि किती अँपिअर धारा लिहिली आहे ते वाचावे. पाकीट नसलेला सुटा माल घेऊ नये. तार खाचेपेक्षा बारीक असेल तर पट्टी तिला नुसती स्पर्श करते, जाड असेल तर धागे तोडते. बाहेरून दोन्ही जोड सारखेच दिसतात.

दुसरा प्रकार तरफेचा. यात आवरण सुमारे एक सेंटिमीटर सोलावे लागते. किती सोलायचे त्याची खूण कनेक्टरच्या अंगावर असते. तरफ उघडून टोक आत घालायचे आणि तरफ मिटायची. आतली पोलादी स्प्रिंग तारेला तांब्याच्या पट्टीवर दाबून धरते. बहुतारी आणि एकसंध दोन्ही तारा चालतात आणि जोड पुन्हा उघडता येतो. किंमत थोडी जास्त पडते, आणि यात जेली नसते, तेव्हा तो घराच्या आत किंवा बंद डब्यातच बरा. बॅटरीजवळच्या जाड तारेसाठी आम्ही यालाच पसंती देऊ. न सोलता लावायच्या प्रकाराची मात्र पुन्हा वापरण्याची सवय लावून घेऊ नये. एकदा फाकलेली खाच दुसऱ्या वेळी तितक्या जोराने धरत नाही.

लावताना आधी बॅटरीची तार काढावी. वायर शेवटपर्यंत आत गेली का ते पारदर्शक झाकणातून पाहावे. पक्कडीचे दोन्ही जबडे समांतर राहतील असे एकाच दमात दाबावे. तिरके दाबले तर पट्टी एका अंगाने अर्धवट उतरते. मग तार हाताने ओढून पाहावी. संकोच करू नये, जी आपल्या हाताने निघते ती उद्या उंदराने किंवा वाऱ्यानेही निघणार होती. जोडाच्या दोन्ही बाजूंना तार थोडी सैल ठेवावी, म्हणजे तिचे ओझे जोडावर येत नाही. बाहेरून येणारी तार जोडात शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर न्यावी. पावसाचे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकते, जोडात जात नाही. तांब्याची तार ॲल्युमिनियमच्या तारेला या कनेक्टरने जोडू नये. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकते, आणि दोन धातूंमध्ये ओल आली की गंजण्याला आमंत्रणच. आणि हे कनेक्टर २३० व्होल्टच्या वायरिंगला लावायचे नाहीत, दोन्ही प्रकारच्या तारा एकाच नळीतूनही न्यायच्या नाहीत. ते काम परवानाधारक वायरमनचे.

१२ व्होल्टने झटका बसत नाही याचा अर्थ आग लागत नाही असा नाही. शिसे-आम्लाच्या बॅटरीच्या दोन खुंट्या चुकून जाड तारेने जोडल्या गेल्या तर क्षणात शेकडो अँपिअर वाहू शकतात. बारीक तार लालभडक होते, आवरण पेटते. कोठ्यात वर तणस रचलेले असते हे आपल्या भागातल्या शिक्षकांना सांगायला नको. दोन वाट्टमध्ये डास मरत नाही असे कोणी म्हणेल, पण खराब जोडात तीच दोन वॅट उष्णता नखाएवढ्या जागेत साचते आणि टेप वितळवते. म्हणून बॅटरीच्या धन खुंटीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज हवा. मोटारीत मिळणारा पट्टीचा फ्यूज आणि त्याचा धारक चालतो. दोन अँपिअरच्या दिव्यांना पाच अँपिअरचा फ्यूज पुरे. तो उडाला की त्याच्या जागी तारेचा तुकडा घालणारे महाभाग प्रत्येक गावात असतात, त्यांच्यापासून सावध राहावे. फ्यूज मात्र शॉर्ट सर्किट रोखतो, तापलेला जोड त्याला कळत नाही. कारण खराब जोडात धारा वाढत नाही, उलट कमीच होते. तो शोधायला मल्टीमीटर लागतो.

यावरून शाळेत करता येईल असा एक प्रयोग सुचतो. १२ व्होल्टची बॅटरी, फ्यूज आणि मोटारीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या. यातून पावणेदोन अँपिअर धारा जाते. बल्बकडे जाणारी १ चौरस मिलिमीटरची तार चार ठिकाणी तोडा आणि चार तऱ्हांनी जोडा: नुसता पीळ, पीळ आणि डाख, तरफेचा कनेक्टर, न सोलता लावायचा कनेक्टर. सगळे जोड एकापाठोपाठ असल्याने सगळ्यांतून धारा एकच जाते, तेव्हा रोधाची तुलना थेट व्होल्टमध्ये करता येते. बल्ब लावून मल्टीमीटर २०० मिलिव्होल्टच्या पट्ट्यावर ठेवा. दोन टाचण्या तारेत दहा सेंटिमीटर अंतरावर टोचा आणि त्यांच्यामधले विभवांतर वाचा. आधी जोड नसलेल्या सरळ तारेवर वाचा. वर दिलेल्या रोधावरून तेथे सुमारे ३ मिलिव्होल्ट यायला हवेत. आले तर आपले मापन बरोबर चालले आहे. मग तसेच दहा सेंटिमीटर, पण मध्ये जोड येईल असे. ३ च्या वर जे येईल ते जोडाचे.

पहिल्या दिवशी पिळाचा जोडही इतरांच्या जवळपास उत्तर देतो आणि मुले हिरमुसतात. त्यांना थांबायला सांगा. बॅटरी काढून ती तार शाळेच्या पडवीत, पावसाचे शिंतोडे लागतील अशी टांगा, वाटल्यास आठवड्याला एकदा मिठाचे पाणी शिंपडा. दर पंधरा दिवसांनी तार पुसून, बॅटरी लावून, पाच मिनिटे बल्ब पेटवून पुन्हा वाचा. जूनमध्ये सुरू केले तर दिवाळीच्या सुटीपर्यंत आठ-नऊ वाचने होतात. आलेख काढायचा तर आडव्या अक्षावर दिवस आणि उभ्या अक्षावर मिलिव्होल्ट. टाचण्यांची भोके दर वेळी नव्या जागी पाडू नका, नाहीतर आवरणातून पाणी शिरून सरळ तारच गंजेल आणि प्रयोग भलतीकडे जाईल. आमच्याकडे पहिल्या वेळी नेमके तेच झाले होते.

गोरेगाव तालुक्यातल्या त्या घरी आम्ही बॅटरीमागच्या दोन्ही गाठी कापून टाकल्या, काळे पडलेले तांबे चमकदार दिसेपर्यंत तार मागे छाटली आणि तरफेचे दोन कनेक्टर एका प्लास्टिकच्या डब्यात बसवले. डब्याला उंदीर शिरणार नाही इतकीच भोके पाडली. तिन्ही दिवे लावून पुन्हा मोजले. बॅटरीवर १२.४ आणि कंट्रोलरवर १२.३. दुसऱ्या बॅटरीचे काही नुकसान आधीच झालेले होते, ते भरून येणारे नव्हते, पण दिवे रात्री अकरापर्यंत चालू लागले आणि तिसरी बॅटरी घेण्याचे त्या वर्षी तरी टळले. मुलाने बहुमापी दोन दिवस ठेवून घेतला आणि गावातल्या आणखी चार घरांच्या बॅटऱ्यांच्या मागे जाऊन पाहिले. चारांपैकी तीन घरी टेप गुंडाळलेल्या गाठी होत्या.